शाळेची भीती: लेकीला परत वर्गात नेताना आम्ही काय काय केलं

माझी मुलगी शाळा बुडवत नव्हती, हे सगळ्यात आधी लिहितो, कारण ज्याला ज्याला सांगायला जायचो त्याच्या डोक्यात पहिलं तेच यायचं. शाळा बुडवणारं मूल घरच्यांपासून लपवतं, शाळेच्या वेळेत भलतीकडेच असतं, अभ्यासाचं त्याला काही पडलेलं नसतं. आमची लेक रात्री स्वतः दप्तर भरायची, गृहपाठ पूर्ण, युनिफॉर्म खुर्चीवर काढून ठेवलेला, झोपताना म्हणायची "उद्या मी जाणारे बाबा, नक्की", आणि तेव्हा ते अगदी मनापासून असायचं. सकाळी बूट घालायची वेळ आली की पोट धरून बाथरूममध्ये, उलटीसारखं होतंय, हात गार पडलेत, रडणं, कधी दाराची चौकट घट्ट धरून उभी. शाळेची वेळ टळून गेली, आता आज काही जायचं नाही हे नक्की झालं की हळूहळू सगळं ओसरायचं आणि दुपारी धाकट्याबरोबर खेळायचीसुद्धा. ते दुपारचं खेळणं बघितलं की लोक म्हणणार, बघा, नाटकं होती सगळी.

आम्ही पहिल्यांदा मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि मला वाटतं प्रत्येकाने तिथूनच सुरुवात करावी. त्यांनी पोट तपासलं, रक्त-लघवी करून घेतली, वजन कमी होतंय का, रात्री दुखण्याने जाग येते का, पोट साफ होतं का, सुट्टीच्या दिवशी दुखतं का असं सगळं नीट विचारलं. शेवटच्या प्रश्नाला बायको आणि मी एकदमच "नाही" म्हणालो. रिपोर्ट नॉर्मल आले. पण रिपोर्ट हातात देताना डॉक्टर "काही नाही झालेलं हिला" असं नाही म्हणाले, लेकीकडे बघून म्हणाले की तुझं पोट खरंच दुखतं, फक्त त्याचं कारण पोटात नाहीये. मग तिला समजेल असं सांगितलं, की मेंदूला धोका वाटला की तो शरीराला पळायची नाहीतर लढायची तयारी करायला लावतो, ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचनाचं काम मागे पडतं, म्हणून मळमळतं, कळा येतात, हात गार पडतात. आणि धोका खरा आहे की नुसता वाटतोय याची शहानिशा करायला ती यंत्रणा थांबत नाही. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, म्हणजे मी खोटं नव्हते ना बोलत. तिला तेवढं ऐकायचं होतं बहुतेक, कितीतरी दिवसांपासून.

तिथून आम्हाला मुलांच्या थेरपिस्टकडे पाठवलं. मधल्या काळात सल्ले सुरूच होते. लाड जास्त झालेत, दोन फटके द्या, शाळा बदला, महिनाभर घरी आराम करू द्या आपोआप येईल गाडी रुळावर. आणि एक तर सगळ्यांकडूनच, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं. १९४१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशाच मुलांबद्दल लिहून ठेवलंय, स्कूल फोबिया म्हणून. जपानमध्ये तर शिक्षण खातं दरवर्षी मोजणी करतं, आजारपण किंवा पैशांची अडचण सोडून इतर कारणांनी वर्षात ३० किंवा त्याहून जास्त दिवस शाळेत न आलेली प्राथमिक आणि त्यापुढच्या तीन वर्गांतली मुलं, आणि २०२३ च्या शैक्षणिक वर्षात तो आकडा ३,४६,४८२ होता. हे वाचलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. आपल्याच घरात काहीतरी विचित्र चाललंय ही भावना फार एकटं पाडते हो, आणि त्याच भावनेमुळे लोक मदत मागायला उशीर करतात. थेरपिस्टनी सांगितलं की पहिल्यांदा शाळेत जाणारी लहानगी, मग दहा-अकराची, मग चौदाच्या आसपासची, म्हणजे शाळा किंवा टप्पा बदलतो त्या वयातली मुलं त्यांच्याकडे जास्त येतात. आमची अकराची. नवी इमारत, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, आणि त्यातच तिला मोठा ताप येऊन ती बरेच दिवस घरी होती. ताप गेला आणि हे राहिलं.

महिनाभर आराम या सल्ल्याबद्दल थोडं लिहितो कारण तो प्रेमाने दिला जातो आणि ऐकायला बराही वाटतो. थेरपिस्टनी कागदावर एक गोल काढून दाखवला. शाळेचा विचार आला, भीती वाढली, घरी थांबली, भीती झटकन उतरली. त्या उतरण्यात इतकं बरं वाटतं की मेंदू शिकतो, वाचलो ते घरी थांबल्यामुळे वाचलो, आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी जोरात घंटा वाजवतो. वर मागे राहिलेला अभ्यास, मैत्रिणींच्या बोलण्यातले नवे विषय, "कुठे होतीस इतके दिवस" हा प्रश्न, म्हणजे जितके दिवस घरी तितकी जायची गोष्ट मोठी होत जाते. भीती गेली की पाठवू असं म्हणून बसलं तर भीती जायला वावच राहत नाही, थोडं थोडं जाऊनच ती जाते. पण म्हणून उचलून वर्गात नेऊन टाकायचं असंही नाही, ते त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. आधी शोधायचं की शाळेतलं नेमकं काय जड जातंय.

हा शोध मला या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो. ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्वरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या आसपास एक मांडणी केली, की मूल शाळेला जात नाही त्याने त्याचं काय साधतं ते बघा. एक, शाळेतल्या एखाद्या गोष्टीने जो त्रास होतो तो टळतो, गोंगाट, बस, टॉयलेट, काहीही. दोन, लोकांसमोर बोलणं, परीक्षा, कोणीतरी आपल्याला जोखतंय असे प्रसंग टळतात. तीन, आईबाबांजवळ राहता येतं. चार, घरी जास्त मजा असते, स्क्रीन वगैरे. एका मुलाला यातली दोन-तीन कारणं एकदम असू शकतात आणि प्रत्येकाला उपाय वेगळा. ज्याला वर्गात वाचायची भीती वाटते त्याचा टीव्ही काढून घेऊन काय होणार, काहीच नाही.

"काय झालं, सांग ना" याला लेकीचं उत्तर कायम "माहीत नाही". आणि खरंच तिला माहीत नव्हतं, अकरा वर्षांच्या मुलीला ते शब्दांत सापडत नाही, आपल्याला तरी कुठे सापडतं. मग थेरपिस्टनी तिला शाळेचा नकाशा काढायला लावला, गेटपासून सगळा, वर्ग, जिना, मैदान, लायब्ररी, टॉयलेट, ऑफिस, आणि हिरवा-पिवळा-लाल असे तीन रंग दिले. नंतर तसंच वेळापत्रकावर. आम्ही दोघं धरून बसलो होतो की गणिताचं काहीतरी असणार, कारण रडारड गणिताच्या दिवशी जास्त वाटायची. गणित हिरवं! चित्रकला हिरवी, लायब्ररी हिरवी, विज्ञान पिवळं. लाल काय तर सकाळची असेंब्ली जिथे सगळी शाळा एका जागी दाटीने उभी असते, मधल्या सुट्टीतलं मैदान, भाषेचा तास, आणि टॉयलेट. टॉयलेट तिने दोनदा गिरवून लाल केलं होतं.

टॉयलेटचं आम्हाला स्वप्नातही आलं नसतं. कडी नीट लागत नाही, मोठ्या मुली बाहेर घोळका करून असतात, म्हणून ती दिवसभर जायचीच नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. दुपारी डोकं दुखायचं ते त्याने. म्हणजे भीतीचं एक लक्षण वाटत होतं त्यातलं निम्मं साधं पाणी न पिण्याचं होतं, आणि त्याला थेरपी नको होती, दुसऱ्या मजल्यावरचं शिक्षकांजवळचं टॉयलेट वापरायची परवानगी हवी होती. भाषेच्या तासाचं वेगळं. तिथे उभं राहून मोठ्याने वाचायचं असतं, एकदा वाचताना ती अडखळली, चेहरा लाल झाला, मागच्या बाकावर हसले. एवढंच. आपल्याला एवढंच वाटतं, तिने तो प्रसंग रोज रात्री झोपण्यापूर्वी परत परत पाहिला होता.

इथे थेरपिस्टनी दोन गोष्टींची खात्री करून घेतली आणि त्यावाचून पुढे जायला त्या तयार नव्हत्या. कोणी मुद्दाम त्रास देतंय का, आणि वाचनातच काही अडचण आहे का. मूल ज्याला घाबरतंय ते खरोखरच घातक असेल, मारहाण, छळ, कोणाचं नको ते वागणं, तर त्याला धीर देऊन तिथे पाठवणं हा अन्याय आहे, आधी ते थांबलं पाहिजे, शाळेने थांबवलं पाहिजे. आणि डिस्लेक्सिया, लक्ष टिकवण्यातली अडचण, ऑटिझम असं काही असेल आणि कोणाच्या लक्षात आलेलं नसेल तर ते मूल रोज दुप्पट दमून घरी येतं, त्याची भीती नुसत्या हिमतीने नाही जात, वर्गाला त्याच्यासाठी बदलावं लागतं. आमच्याकडे दोन्ही तपासलं. त्या हसण्यापलीकडे काही निघालं नाही, वाचनही वयाच्या मानाने ठीक. लोकांसमोर जोखलं जायची भीती, आणि थोडी आम्हाला सोडून राहायची, असं मिश्रण आहे म्हणाल्या.

मग शाळेशी बोलणं. मी ज्या ज्या पालकांना भेटतो त्यांना सांगतो की या मीटिंगला नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, छोट्या छोट्या मागण्या लिहून न्या, कारण शिक्षकांनाही मदत करायची असते, नेमकं काय करायचं ते कळत नसतं. आम्ही गेलो तेव्हा वर्गशिक्षिका, समुपदेशक मॅडम आणि मुख्याध्यापक तिघंही बसले होते आणि पहिली काही मिनिटं हजेरीवरच गेली, नियम वगैरे, ते साहजिक आहे. नंतर नकाशा पुढे ठेवला तेव्हा बोलण्याचा सूरच बदलला. वर्गशिक्षिका बाई त्या लाल टॉयलेटकडे बघतच राहिल्या. ठरलं ते असं, सुरुवातीला असेंब्ली संपल्यावर बाजूच्या गेटने यायचं, दुसऱ्या मजल्यावरचं टॉयलेट, बुडलेल्या अभ्यासातलं फक्त अत्यावश्यक तेवढंच आणि तेही टप्प्याटप्प्याने, वर्गात आल्यावर कोणीही "अरे वा, आलीस का, कुठे होतीस" असं म्हणायचं नाही, नेहमीसारखं पुस्तक काढा एवढंच. जीव घाबरला तर बाकावर एक पिवळं कार्ड ठेवायचं आणि समुपदेशक मॅडमच्या खोलीत दहा मिनिटं जाऊन परत वर्गात यायचं. घरी फोन नाही. हे शेवटचं आम्हाला अवघड गेलं, पण खोलीत गेलं की बाबा घ्यायला येतात असं झालं असतं तर ते कार्ड घरी यायचं तिकीटच झालं असतं. मोठ्याने वाचायचं काही दिवस बंद, मात्र कायमचं नाही, हे तिच्यासमोरच बोललं गेलं. सवलत दिली की ती कधी आणि कशी कमी होणार तेही तेव्हाच ठरवावं, नाहीतर ती तशीच चिकटून राहते.

पायऱ्या लेकीने स्वतः लिहिल्या. प्रत्येक पायरीपुढे शून्य ते दहा असा भीतीचा आकडा टाकायचा, दहा म्हणजे सगळ्यात जास्त. सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्म घालून घरात अर्धा तास, तीन. संध्याकाळी शाळा बंद असताना गेटपर्यंत चालत जाणं, तीन. शाळा सुरू असताना गेटबाहेर उभं राहणं, पाच. रिकाम्या वर्गात आपल्या बाकावर बसणं, चार. असं करत करत पूर्ण दिवस असेंब्लीसकट, दहा, आणि दहाच्या पुढे तिने दोन उद्गारचिन्हं काढली होती. खालच्या आकड्यापासून सुरू करायचं. नियम एकच होता आणि तो फार उपयोगी पडला, भीती टोकाला असताना निघायचं नाही. थांबायचं, आकडा बघत राहायचं, निदान निम्मा झाला की मग निघायचं. गेटबाहेर आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे, मी मधूनमधून विचारायचो किती, ती म्हणायची आठ, परत आठ, सात, आणि काही वेळाने पाच, आणि माझ्याकडे असं बघितलं की बाबा, मी काहीच केलं नाही तरी उतरलं. मला हे आधी कोणी तोंडी सांगितलं असतं तर पटलं नसतं कदाचित, की भीतीला काही न करता नुसतं थांबून राहिलं तर तीच दमते.

वर्गात जायची सुरुवात दिवसाच्या शेवटाकडून केली. हे मला फार आवडलं, म्हणून मुद्दाम लिहितो. शेवटचा तास चित्रकलेचा होता त्या दिवशी ती फक्त त्या तासाला गेली, आणि तास संपल्यावर सगळ्यांबरोबर गेटमधून बाहेर आली, मैत्रिणींशी बोलत. सकाळी जाऊन मध्येच निघून आली असती तर वर्गासमोरून एकटीने बाहेर पडावं लागलं असतं आणि मनात राहिलं असतं की मला नाही झेपलं. शेवटून सुरू केलं की रोजचा दिवस इतर मुलांसारखाच संपतो. मग शेवटचे दोन तास, मग मधल्या सुट्टीनंतरचे सगळे, मग मधली सुट्टी एका मैत्रिणीबरोबर लायब्ररीत. प्रत्येक पायरी दोन-तीनदा सोपी वाटेपर्यंत तिथेच. भाषेच्या बाईंनी स्वतःहून एक सुचवलं, आधी फक्त त्यांना एकटीला वाचून दाखवायचं, मग मैत्रिणीबरोबर जोडीने दोघींनी एकदम, मग एकटीने दोन ओळी पण बसून आणि आदल्या दिवशी सांगून. असे शिक्षक मिळणं हे नशीब आहे, पण त्यांना नकाशा दाखवला नसता तर त्यांना तरी कुठून सुचलं असतं.

आता घरचं. शाळेत जे ठरतं ते सकाळच्या पाऊण तासात घरीच मोडतं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी स्पेस नावाचा एक उपचार तयार केलाय, त्यात थेरपी पालकांबरोबर चालते, मूल आलंच पाहिजे असं नाही, आणि १२४ मुलांच्या एका अभ्यासात तो मुलाबरोबर केलेल्या थेरपीइतकाच गुणकारी ठरला. आमच्या थेरपिस्टनी त्यातलं बरंच आमच्याकडून करून घेतलं. गाभा असा, मूल घाबरतं तेव्हा आपण त्याच्यासाठी ज्या ज्या तडजोडी करतो त्या शोधायच्या आणि प्रेमाने, आधी सांगून, एकेक कमी करायच्या. आमच्याकडे मोठी तडजोड प्रश्नांची होती. "मला घ्यायला येशील ना? नक्की ना? आणि नाही आलास तर? आणि आई?" सकाळभर. प्रत्येक उत्तराने तिला मिनिटभर बरं वाटायचं आणि पुढचा प्रश्न तयार. तिला आदल्या संध्याकाळी बसवून सांगितलं की उद्यापासून या प्रश्नाचं उत्तर एकदाच देणार, मग तू विचारलंस तर म्हणणार याचं उत्तर तुला माहितीये. रागावून नाही. पहिल्या काही सकाळी फार वाईट गेल्या, प्रश्न वाढले, आवाज वाढला, आणि मग कमी झाले.

सकाळी बोलायचं एक वाक्य ठरलेलं. तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तुला हे जमेल हेही मला माहितीये. दोन्ही अर्धे हवेत. नुसता पहिला अर्धा म्हटला तर तिला वाटतं बाबालाही वाटतंय की हे भयंकर आहे, नुसता दुसरा म्हटला तर वाटतं याला काही कळतच नाहीये. "घाबरण्यासारखं काय आहे त्यात" हे घरात कोणीच म्हणायचं नाही, आजीलासुद्धा विनंती केली आणि त्यांनी शेवटपर्यंत पाळली. सकाळी चर्चा नाही, समजावणं नाही, शाळा का महत्त्वाची यावर भाषण तर अजिबात नाही. जे बोलायचं ते संध्याकाळी, चालताना, बाजूबाजूने. समोरासमोर बसलं की ती गप्प व्हायची, चालताना बोलते अजूनही.

जे दिवस जमलं नाही ते दिवस घरी पण शाळेच्या वेळापत्रकाने, स्क्रीन बंद, वेळेवर उठणं, आंघोळ, अभ्यास, थोडं वाचन. शिक्षा म्हणून नाही, हे तिला परत परत सांगितलं, शाळा सुटायच्या वेळेनंतर सगळं नेहमीसारखं. धाकटा एकदा म्हणाला माझंपण पोट दुखतंय, मी पण नाही जात. त्याला आम्ही ताईला काय होतंय ते खरंखरं सांगितलं आणि त्याच्यासाठी आठवड्यात एक संध्याकाळ वेगळी काढली, कारण घरातलं सगळं लक्ष एकीकडे वळलेलं त्यालाही कळत होतं. झोपेचंही बघावं लागलं, घरी राहायला लागली तसं उशिरा झोपणं उशिरा उठणं सुरू झालं होतं आणि न झोपलेल्या मुलाला सकाळी कुठलीच पायरी चढता येत नाही. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवली, रात्री फोन आमच्या खोलीत, आमचेसुद्धा.

औषधाबद्दल लिहू की नको असा विचार करत होतो, पण लपवण्यासारखं त्यात काही नाही. मधे एक काळ असा आला की पायऱ्या हलेनात, रात्रीची झोप गेली, सुट्टीच्या दिवशीही छाती धडधडायला लागली. थेरपिस्टनी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी एसएसआरआय गटातलं, म्हणजे चिंता आणि नैराश्यासाठी देतात त्या गटातलं औषध कमी डोसने सुरू केलं. बायकोला फार भीती होती, सवय लागेल, मेंदूवर परिणाम होईल. डॉक्टरांनी तिला २००८ साली छापून आलेला एक मोठा अमेरिकन अभ्यास समजावून सांगितला, ७ ते १७ वयाची ४८८ मुलं, १२ आठवडे. थेरपी आणि औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी साधारण ८१ टक्के मुलं चांगली सुधारली, नुसत्या थेरपीने ६०, नुसत्या औषधाने ५५, आणि औषध नसलेल्या गोळीने २४. म्हणजे नुसती थेरपीही पुष्कळ करते, बऱ्याच मुलांना औषध लागतच नाही, पण अडलं तर दोन्ही मिळून जास्त. सवय लागण्याच्या अर्थाने व्यसन लागत नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करायचं नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ वाटलं, चिडचिड वाढली, जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोललं तर लगेच कळवायचं, हे त्यांनी लिहूनच दिलं. आम्ही लक्ष ठेवलं. लेकीला औषध कशासाठी ते सरळ सांगितलं. ती म्हणाली भीती जाणार का, डॉक्टर म्हणाले आवाज कमी होईल, पायऱ्या तुलाच चढायच्यात. तसंच झालं साधारण.

एका रेषेत काहीच झालं नाही, हे ज्यांचं नुकतं सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितो. मोठी सुट्टी संपली की परत मागे. परीक्षा आली की मागे. भाषेच्या बाई रजेवर गेल्या आणि बदली शिक्षकांना काही माहीत नव्हतं, त्यांनी तिला उभं केलं, त्यानंतरचा आठवडा सगळा गेला. थेरपिस्ट म्हणायच्या, एक पायरी खाली उतरा, तळाला जाऊ नका. म्हणजे पूर्ण दिवस जमत नसेल तर मधल्या सुट्टीनंतरचा, पण घरी नाही. शून्य दिवस टाळायचा, अगदी गेटपर्यंत जाऊन लायब्ररीत पंधरा मिनिटं बसून आली तरी तो दिवस शाळेचा. मोठ्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आता आधीच गेटपर्यंत फिरायला जातो, युनिफॉर्म एकदा घालून बघतो, पहिल्या दिवशी कोणती मैत्रीण गेटवर भेटणार ते ठरलेलं असतं.

आणि आईबापांचं. माझं काम उशिरा सुरू होणारं आहे म्हणून सकाळ मी सांभाळू शकलो, सगळ्यांना ते शक्य नसतं, एकट्या पालकाला तर हे किती जड जात असेल याची मला कल्पना आहे. बायको आणि मी सुरुवातीला दोन टोकांना होतो, ती म्हणायची ढकलायला नको, मी म्हणायचो एकदा गेली की होईल, आणि लेक दोघांच्या मधल्या फटीत अडकायची. थेरपिस्टनी आम्हाला दोघांनाच एकदा बोलावून सांगितलं की थोडा चुकीचा पण दोघांचा एकच निर्णय परवडला. तेव्हापासून सकाळी एकच जण बोलतो, दुसरा घरात असला तरी मध्ये पडत नाही, आणि मतभेद मुलं झोपल्यावर.

सध्या ती पूर्ण दिवस जाते, बहुतेक दिवस. बाजूचं गेट सुटलं. पिवळं कार्ड दप्तरात असतं, बाहेर क्वचित निघतं. असेंब्लीत शेवटच्या रांगेत कडेला उभी राहते आणि ते शाळेने कायम ठेवलंय, ठेवू दे. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे, वर्ष पूर्ण होत आलं की हळूहळू कमी करण्याबद्दल बोलणार आहेत. पुढच्या वर्षी वर्गशिक्षिका बदलणार, म्हणून आत्ताच एक पानाचं पत्र तयार करतोय, लेक सांगते आणि मी टाइप करतो. आत्तापर्यंत त्यात असं आहे: मला वाचायला सांगणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. मी गप्प बसले म्हणजे मला येत नाही असं नाही. कार्ड ठेवलं तर वर्गात काही विचारू नका, मी परत येते. दुसऱ्या मजल्यावरचं टॉयलेट. चौथ्या मुद्द्याला तिने एवढंच ठेवायला सांगितलंय, पुढे काही लिहायचं नाही म्हणाली. पाचवा अजून ठरत नाहीये, ती म्हणते चित्रकलेचं काहीतरी असू दे.